आत्या शहापूर बघायला आली

आमच्या घरी पत्र आलं की बाबा ते ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे. आईला वाचता येत नव्हतं, आणि आम्हा मुलांना पत्रातली ती ‘पत्रास कारण की’ची भाषा ऐकायला आवडायची, म्हणून पोस्टमन येऊन गेला की घरातली कामं तेवढ्यापुरती थांबत. भुसावळहून आत्याचं ते पत्र आलं तेव्हा मात्र बाबांनी ते अंगणात उभ्यानंच वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि एवढंच सांगितलं, की अक्का आणि भाऊजी शनिवारी येतायत, रविवारी संध्याकाळी परत जातील, शालूनं त्यांना जरा हिंडवून आणावं. शालू म्हणजे मी. शहापूरला बारावीत शिकत होते. पाहुण्यांना गाव दाखवायचं काम आपल्याकडे आलं याचा मला इतका आनंद झाला, की पत्र वाचून का दाखवलं नाही हे विचारायचं राहून गेलं. आईनंही विचारलं नाही. ती आत गेली आणि वड्यांच्या पिठासाठी तांदूळ धुवायला बसली. पाहुणे यायला अजून पाच दिवस होते.

आमचं घर आसनगाव स्टेशन आणि शहापूर यांच्या मधल्या एका गावात होतं. पुढं ओटी, मागं पडवी, पडवीत म्हैस, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी, आणि कुठंही उभं राहिलं तरी समोर माहुलीचे सुळके. (आज त्या अंगणातून माहुली दिसत नाही. मधे सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या गॅलऱ्यांतून लोकांचे कपडे वाळत असतात. मीही तशाच एका इमारतीत राहते, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार.) बाबा भातशेती करून वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीला जायचे. मी थोरली, माझ्यामागं दोन भाऊ, आणि मग बऱ्याच वर्षांनी, आईलाही अपेक्षा नसताना झालेली रंजू. त्या वेळी ती सात वर्षांची होती. आईला शेताचं आणि म्हशीचं पुरे व्हायचं, म्हणून रंजूची अंघोळ, वेणी, पाटी-पुस्तक, सगळं माझ्याकडे होतं.

आत्याबद्दल सांगायला हवं. बाबा दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. तिनं त्या पोराला कडेवर घेऊन लावणी केली, आपल्या ताटातला घास त्याला भरवला, आणि तो स्वतःचं स्वतः रांधून खाण्याएवढा झाल्याशिवाय लग्नाला उभी राहिली नाही. हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ते आम्हाला देवाच्या गोष्टीसारखं वाटायचं. बाबा तिच्यापुढं बस म्हटल्याशिवाय बसत नसत. तिला उशिरा एकच मुलगी झाली, सुनीता, आणि ती आठ वर्षांची होऊन आदल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. बाबा भुसावळला जाऊन पाच दिवसांनी परत आले होते, आणि आल्यावर सरळ शेतावर गेले होते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण माहीत असलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायची बुद्धी त्या वयात नसते. निदान मला नव्हती.

त्या पाच दिवसांत आईनं घर सारवलं, वाल भिजत घातले, सुक्या बोंबलांची डोकी काढून ठेवली. आणि रंजूला रोज समोर बसवून तिचं डोकं फणीनं विंचरलं. एक ऊ राहता कामा नये, म्हणाली. हे काम माझं असायचं. मी फणी मागितली तर तिनं दिली नाही. रंजू कुरकुरली की आई एरवी पाठीत धपाटा घालायची. त्या आठवड्यात एकदाही घातला नाही.

शनिवारी सकाळी मी आणि रंजू आसनगावला उतरून घ्यायला गेलो. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते रेल्वेत होते, उंच, सावकाश बोलणारे, भला माणूस. त्यांच्या हातात एक ट्रंक होती. दोन दिवसांसाठी एवढी मोठी ट्रंक कशाला, असं माझ्या मनात आलं. आत्या डब्यातून उतरली, मी पाया पडले त्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती माझ्या खांद्यावरून मागं उभ्या असलेल्या रंजूकडे बघत होती. मग जवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “एवढीच होती.” मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला विचारलं, की घर किती लांब आहे.

घरी आल्यावर चहा झाला आणि आत्यानं ट्रंक उघडली. वरती दोन लुगडी होती. खाली सगळे फ्रॉक. इस्त्री केलेले, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे, निळे, गुलाबी, एकाला पांढरी लेस. रंजूनं आयुष्यात एवढे फ्रॉक एकत्र बघितले नव्हते. आत्यानं निळा उचलला आणि तिच्या अंगाला लावून बघितला. खांदे, कंबर, गुडघा, सगळीकडे बरोबर बसत होता. रंजू तो घालून अंगणात गिरक्या घ्यायला लागली. आई वाटणावर होती. तिचा हात पाट्यावर थांबला, आणि वरवंटा तसाच धरून ती बराच वेळ त्या निळ्या फ्रॉककडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “जत्रेला जायचं ना? निघा. लवकर या.”

बाबा पाळीला गेले होते आणि आई येणार नव्हती. पौष महिना होता, मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरली होती. शहापूरहून मुरबाडची एस. टी. धरली. बाहेर कापलेल्या भाताची सड आणि मधून मधून वालाची हिरवी शेतं. मी मामांना एकेक गाव सांगत होते, हे किन्हवली, हे सरळगाव, इथून नाणेघाटाकडे जातात. आत्या ऐकत नव्हती. ती रंजूबद्दल विचारत होती. ती काय खाते, अंधाराला घाबरते का, ताप आला की बडबडते का. आणि मी, आपली बहीण कशी हुशार आहे हे कुणीतरी एकदाचं विचारतंय म्हणून, सगळं सांगत सुटले. एकदा ऐकलेली कविता तिला पाठ होते. पंधरापर्यंत पाढे येतात. रडत नाही, हट्ट करत नाही, कुणाच्याही घरी राहते. शेवटचं वाक्य मी उगाच जोडलं होतं. रंजू कधीच कुणाच्या घरी राहिली नव्हती. ते ऐकून आत्यानं मामांकडे बघितलं आणि मामांनी खिडकीबाहेर.

म्हशाला माणूस मावत नव्हतं. एका बाजूला बैलांचा बाजार, शिंगं रंगवलेल्या जोड्या मैलभर बांधलेल्या, धूळ, शेणाचा आणि तळलेल्या शेवेचा वास. दुसऱ्या बाजूला घोंगड्यांची पालं, तांब्या-पितळेची भांडी, आकाशपाळणा. आम्ही देवाला नारळ वाढवला. मामांनी एक घोंगडी घेतली. आत्यानं रंजूचा हात सकाळपासून सोडला नव्हता, आणि रंजू आता त्या हाताला कंटाळून मधूनच तो हिसकायची. बांगडीवाल्याच्या पालापाशी आत्यानं पिशवी खांद्यावर घेण्यापुरता हात सोडला, आणि रंजू नाहीशी झाली.

मी अशी हरवलेली मुलं पुष्कळ बघितली होती. ती फार लांब जात नाहीत. मी आकाशपाळण्याकडे धावले, मामा बैलांकडे गेले. आत्या जागची हलली नाही. ती तिथंच उभी राहून हाक मारायला लागली. पण ती रंजूला हाक मारत नव्हती. “सुनी, ए सुनी, सुनीता,” असं ती ओरडत होती, आणि तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की बांगडीवाल्यानं हातातलं काम ठेवलं. मी परत वळले तेव्हा बघितलं, की पलीकडच्या खेळण्यांच्या पालातून रंजू बाहेर आली. ती थबकली, हाक मारणाऱ्या बाईकडे बघितलं, आणि हळूहळू चालत तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. आत्यानं तिला पोटाशी धरलं. रंजूनं तिच्या कमरेवरून माझ्याकडे बघितलं. चुकीच्या नावाला ओ दिली हे बरोबर केलं की नाही, ते आपल्याला ताईकडून कळेल, असं ते बघणं होतं. परतीच्या एस. टी.त मी एकही गाव दाखवलं नाही आणि मामांनी विचारलंही नाही.

संध्याकाळी वडे आणि कोंबडीचा रस्सा होता. बाबा पाळीहून आले, आत्याच्या पाया पडले आणि जेवायला बसून दोन वडे कसेबसे खाऊन उठले. एरवी ते सात-आठ सहज खायचे. माझ्या भावांनी जत्रेचं विचारलं तर आत्याच सांगत होती, फुलून सांगत होती, आणि आम्ही सगळे जण, ती आता कुठलं नाव घेईल याची वाट बघत असल्यासारखे गप्प बसलो होतो. रंजू तिच्या मांडीवरच झोपून गेली.

रविवारी सकाळी शहापूर दाखवायचं होतं. आता वाटतं, मी आजारी पडल्याचं सोंग घ्यायला हवं होतं. पण ठरल्याप्रमाणे मी त्यांना बाजारपेठेतून नेलं, माझं कॉलेज दाखवलं, भेळ खायला घातली. चपलांच्या दुकानात आत्यानं रंजूला काळे बूट घेतले, शाळेचे, पट्ट्याचे. आमच्याकडे कुणी शाळेत बूट घालून जात नसे. मी तसं म्हटलं तर आत्या हसून म्हणाली, की तिकडे लागतात. तिकडे म्हणजे कुठं, हे विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात मामा म्हणाले, इथं फोटो स्टुडिओ कुठं आहे?

स्टुडिओ एक जिना चढून वर होता. पडद्यावर तळं आणि कमळं रंगवलेली. आधी आम्ही चौघं उभे राहिलो. मग आत्या मला म्हणाली, “शालू, तू जरा बाजूला हो गो.” मी बाजूला झाले. आत्या एका खुर्चीवर, मामा दुसरीवर, मधे निळ्या फ्रॉकमधली रंजू, पायात नवे बूट. फोटो निघाला. आणि मग मामा फोटोग्राफरला, अगदी साध्या आवाजात, म्हणाले, “हिचे एकटीचे तीन काढा. शाळेच्या फॉर्मला लागतात.”

“कुठल्या शाळेच्या?” मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला खरोखर वाटत होतं की मला माहीत आहे. ते आत्याकडे वळले, आत्यानं पदर सारखा केला. फोटोग्राफर पाकिटावर लिहायला नाव विचारत होता. आत्या म्हणाली, सुनीता. मामा हळू म्हणाले, “रंजना लिहा.” मग मला त्यांनी जिन्यावर नेऊन सांगितलं, की बाबांनी सांगितलं असेल असं समजून चाललो होतो, शाळेचा दाखला तर त्यांनी याच आठवड्यात काढून ठेवलाय. आज संध्याकाळच्या गाडीनं तिला नेणार. तिला आठ दिवसांसाठी म्हणून सांगायचं, मग सवय होईल तशी होईल. “तुझ्या आत्याची अवस्था तू बघितलीस काल,” ते म्हणाले. “मी घरी नसलो की ती विहिरीपाशी जाऊन बसते.”

घरी आल्यावर मी तडक मागच्या पडवीत गेले. आई म्हशीला पेंढा घालत होती. मी विचारलं तर ती वळली नाही. पेंढा घालत राहिली.

“तुला ठावं होतं?”

“पत्र आलं तवाच. रातीला सांगितलं त्यानं.”

“आणि तू गप बसलीस?”

“तुझा बाप त्या बाईच्या हातचा वाढलाय,” आई म्हणाली. “त्याला नाय म्हनता येत नाय. मी नाय म्हनले तर उद्या ती हिरीत पडली, मग? तुमी चौघं माझ्या डोळ्यापुढं हाव. तिच्या डोळ्यापुढं कोन हाय?” एवढं बोलून तिनं हातातला पेंढा खाली टाकला आणि खांबाला टेकून बसली. तिच्या गालावर पेंढ्याची काडी चिकटली होती. ती काढायचंही तिला भान नव्हतं.

मी बाबांकडे गेले. ते उडवीच्या मागं, कुणाला दिसणार नाही असे बसले होते. मी त्यांच्याशी कधी आवाज वर करून बोलले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. म्हटलं, पाठवायची तर पाठवा, पण फसवून पाठवू नका. आठ दिवस सांगून आयुष्यभरासाठी नेलं तर ती रोज दिवस मोजत बसेल. तिला खरं सांगा आणि विचारा. मला तेव्हा खात्री होती. सात वर्षांची पोर, आईला सोडून जाते का म्हटलं तर काय म्हणेल? ती रडेल, नाही म्हणेल, आणि सगळ्यांच्या देखत नाही म्हटल्यावर आत्यालाही नेता येणार नाही. माझा डाव तो होता. न्यायाचं बोलत होते, पण डाव तो होता. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, “माझ्यानं नाय व्हायचं ते. तूच इचार. तुझं ऐकते ती.”

दुपारी पंगत बसली. भात, वालाचं बिरडं, बोंबलाचं कालवण. सगळे खाली मान घालून जेवत होते, आणि मी मधेच रंजूला जवळ बोलावलं. ती उष्ट्या हातानं आली. मी तिला सगळं सांगितलं. सुनीताताई गेली, आत्या एकटी आहे, तिला तू पाहिजेस, आठ दिवस नाही, कायमची, तिथंच शाळा, सुट्टीत इकडे यायचं. आत्याचा हात ताटात तसाच राहिला होता. आई चुलीकडे तोंड करून होती.

“जाशील का?” मी विचारलं.

रंजूनं माझ्याकडे बघितलं. तिनं आईकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही. माझा चेहरा ती नीट बघत होती, पाढा म्हणताना कुठं अडलं की बघायची तशी. मग म्हणाली, “जाते.”

आत्या रडायला लागली, पण आवाज न करता. चुलीपाशी आई खाली बसली. मी रंजूला पुन्हा विचारू शकले असते. शब्द तोंडाशी आले होते, की नीट विचार कर, आई नसेल तिथं. पण एवढ्या माणसांसमोर विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं होतं, आणि आता ते उत्तर माझ्या हातात राहिलं नव्हतं. रंजू आपल्या जागी जाऊन बसली आणि उरलेला भात तिनं सगळा संपवला.

आसनगावला पोचवायला मी आणि बाबा गेलो. आई उंबऱ्यापर्यंत आली. तिनं रंजूच्या कपाळावर बोट टेकवलं, बस्स. स्टेशनवर बाबा फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि गाडी येईपर्यंत परत आले नाहीत. कसाऱ्याची लोकल आली, रविवारची, रिकामी; भुसावळची गाडी त्यांना पुढं कसाऱ्याला धरायची होती. मामांनी रंजूला खिडकीत बसवलं. ती रडली नाही. गाडी हलली तेव्हा तिनं हातही हलवला नाही, दोन्ही हात फ्रॉकवर ठेवून ती सरळ बसून होती, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तशीच घडली, थोडक्यात. रंजू भुसावळला शिकली, नर्स झाली, तिथंच लग्न केलं. आत्या विहिरीपाशी जायची बंद झाली. म्हातारपणी तिला अंथरूण धरावं लागलं तेव्हा सहा वर्षं रंजूनं तिचं सगळं केलं, आणि आत्या शेवटपर्यंत तिला सुनी म्हणत गेली. सुट्टीत रंजू आमच्याकडे यायची, पण दोन दिवस झाले की तिला परत जायची घाई व्हायची. आईशी ती अहो-जाहो करायला लागली होती. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई मागच्या पडवीत निघून गेली. आई गेली त्या दिवशी रंजू आली आणि बायकांमध्ये मागच्या रांगेत बसली. मी हात धरून तिला पुढं आणलं.

मला वाटायचं, मी निदान एक गोष्ट बरोबर केली. तिला फसवू दिलं नाही. माझ्या मुलांना, पुढं शिक्षिका झाल्यावर विद्यार्थ्यांनाही मी हे अभिमानानं सांगितलेलं आहे, की लहान मुलालाही विचारावं. गेल्या दिवाळीत रंजू माझ्याकडे आली होती. दोघींचेही केस पिकलेले, दोघींचेही गुडघे दुखतात, चहा पीत बसलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला विचारलं, की त्या दिवशी तू हो का म्हणालीस गं.

तिला आठवायला वेळ लागला नाही.

“मला काय कळत होतं, ताई? तू मला कधी काही विचारायची नाहीस. ऊठ म्हणायचीस, बस म्हणायचीस, मी करायचे. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलंस, तेही सगळ्यांसमोर. मला वाटलं, तुला हो ऐकायचंय.” मग म्हणाली, “ते आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले असते ना, तर नवव्या दिवशी मी रडून परत आले असते. पण मी स्वतःच जाते म्हटलं होतं. मग कुठल्या तोंडानं रडणार?”

हे ती रागानं बोलली नाही. तिच्या पेशंटांशी बोलत असेल तशी बोलली. मग तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला, आपला उचलला, आणि मी उठायच्या आत दोन्ही विसळून पालथे घातले.